रंग सापडला लंडनला, नांदला ऱ्हाईनकाठी

जुलै १९१६. पहिलं महायुद्ध ऐन भरात आलेलं, ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्री नाकेबंदी केलेली. अशात अमेरिकेच्या बाल्टिमोर बंदरात एक जर्मन पाणबुडी येऊन लागली. नाव 'डॉइचलँड'. तिच्यावर पाणतीर नव्हते. ही चक्क मालवाहू पाणबुडी होती, आणि जिवावर उदार होऊन तिने जो माल अटलांटिकपार आणला त्यातला सगळ्यांत मोलाचा ऐवज म्हणजे कापड रंगवायच्या रंगांच्या पेट्या. पोलादात तेव्हाच जगात पहिला नंबर लावून बसलेला अमेरिका हा देश त्या पेट्यांची चातकासारखी वाट बघत होता, कारण त्या प्रतीचे रंग हवे तेवढे बनवण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती.

ब्रिटनची गत तर आणखी अवघड. १९१४ साली युद्ध जाहीर झालं आणि लंडनच्या लक्षात आलं, की आपल्या सैनिकांच्या खाकी गणवेशाचा रंगसुद्धा शत्रूच्या कारखान्यातून येतो. युद्धाच्या तोंडावर जगातल्या कृत्रिम रंगांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त रंग जर्मन कंपन्या बनवत होत्या. आता यातली खरी मौज अशी, की हा सगळा उद्योग जन्माला आला होता तो लंडनमध्येच, एका इंग्रज पोराच्या हातून.

काही देश नव्या गोष्टी शोधण्यात पुढे का जातात, याची उत्तरं लोक राष्ट्रस्वभावात, हवामानात, धर्मात, रक्तातसुद्धा शोधत आले आहेत. मला यातलं काहीच पटत नाही. पण एकच शोध एका देशात लागतो आणि त्याचं सोनं दुसराच देश करतो, हे जिथे स्वच्छ दिसतं अशी रंगांची ही हकीकत मात्र कितीही वेळा वाचली तरी थक्क करते.

१८५६ ची ईस्टरची सुट्टी. विल्यम हेन्री पर्किन, वय अठरा, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचा विद्यार्थी. पूर्व लंडनमधल्या आपल्या घरात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली होती, आणि डोक्यात होतं कोयनेल. हिवतापावरचं हे औषध सिंकोनाच्या सालीतून निघायचं. ती साल दक्षिण अमेरिकेतून यायची, महाग पडायची, आणि हिंदुस्थानापासून आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या साम्राज्याला तर ती भरपूर हवी होती. कोयनेल डांबरातून बनवता आलं तर? कल्पना त्याचे गुरू ऑगुस्ट हॉफमन यांची. डांबर म्हणजे कोळशापासून दिव्यांचा गॅस काढल्यावर मागे उरणारी काळी, चिकट, घाण वासाची घाण. गॅस कंपन्यांना ती कुठे टाकावी हा प्रश्न असे.

रेणूची रचना म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या पदार्थात कार्बन किती, हायड्रोजन किती, एवढाच हिशेब मांडता येई. पर्किनने सरळ बेरीज-वजाबाकी केली: डांबरातून मिळणाऱ्या एका पदार्थाचे दोन रेणू घ्यायचे, थोडा ऑक्सिजन घालायचा, पाणी काढून टाकायचं, की झालं कोयनेल. गणित बरोबर होतं आणि विचार सपशेल चूक. हाती आली तपकिरी भुकटी. मग त्याने आणखी साधा पदार्थ, अॅनिलिन, घेऊन तोच खटाटोप केला. या वेळी काळा चिखल. दुसरा कुणी असता तर चंबू विसळून मोकळा झाला असता. पर्किनही विसळायलाच निघाला होता, पण अल्कोहोल ओतताच चंबूत जांभळा रंग उतरला. असा जांभळा, की त्यात बुडवलेलं रेशीम धुतलं तरी विटेना आणि उन्हात ठेवलं तरी उडेना. त्यातही गंमत पाहा: त्याचं अॅनिलिन अशुद्ध होतं. त्यात टोल्युइडिनची भेसळ नसती तर हा जांभळा निघालाच नसता.

पोरगा व्यवहाराला पक्का. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर नावाच्या रंगाऱ्यांकडे त्याने नमुना धाडला, त्यांचं उत्तर उत्साहाचं आलं, ऑगस्टमध्ये पेटंट घेतलं आणि गुरूची नाराजी पत्करून कॉलेज सोडलं. बापाने पुंजी लावली, भाऊ सोबत आला, आणि लंडनजवळ ग्रीनफर्डला १८५७ मध्ये कारखाना उभा राहिला. जानेवारी १८५८ मध्ये मुलीच्या लग्नात खुद्द राणी व्हिक्टोरियाने हा जांभळा रंग मिरवला, मग काय विचारता! (याच राणीच्या मुंबईतल्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली चाफेकरांनी डांबर फासलं आणि रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी तो पुन्हा पांढरा करून नाव कमावलं. राणीच्या अंगावर डांबर चढलं ते असं दोनदा, एकदा हौसेने आणि एकदा रोषाने.)

आता ब्रिटनच्या पदरात काय काय होतं ते मोजा. शोध त्यांचा, पेटंट त्यांचं. डांबर मुबलक. रंग विकत घ्यायला मँचेस्टरच्या गिरण्या दाराशी. भांडवल जगात सर्वांत जास्त. बाजारपेठ म्हणाल तर अर्धी पृथ्वी. आणि तरीही १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पर्किन आपला चालता कारखाना विकून संशोधनाकडे परतला. त्याला आणखी वाढायचं तर प्रशिक्षित रसायनज्ञांची फौज हवी होती, आणि ती इंग्लंडात मिळत नव्हती.

ती फौज कुठे होती? जर्मनीत, असं म्हणायचं खरं, पण १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. होती ती लहानमोठी राज्यं, प्रत्येकाचा राजा वेगळा, आणि प्रत्येकाला आपलं विद्यापीठ शेजाऱ्याच्या वरचढ हवं. चांगला प्राध्यापक दिसला की दुसरं राज्य त्याला जास्त पगार आणि मोठी प्रयोगशाळा देऊन पळवून नेई. आपल्याकडे संस्थानिक मल्ल आणि गवई बाळगत, तसे हे राजे प्राध्यापक बाळगत होते. या चढाओढीत गीसेन या चिमुकल्या गावात १८२४ साली एकवीस वर्षांचा युस्टुस लीबिग प्राध्यापक झाला. त्याने जे केलं ते वरकरणी साधं वाटेल. रसायनशास्त्र तोवर बव्हंशी ऐकून शिकायचं, फार तर गुरूच्या प्रयोगात लुडबुड करून शिकायचं शास्त्र होतं. लीबिगने विद्यार्थ्यांचा अख्खा वर्ग प्रयोगशाळेत उभा केला, ठरलेल्या क्रमाने हाताने काम करायला लावलं, आणि शेवटी प्रत्येकाला स्वतःचा छोटा प्रश्न सोडवायला दिला. यातून एक विलक्षण गोष्ट झाली. लोकोत्तर बुद्धी नसलेला, मध्यम वकुबाचा, पण चिकाटीचा तरुणही भरवशाचं संशोधन करू लागला. प्रतिभेची वाट बघायची गरज उरली नाही. रसायनज्ञ घाऊक भावात तयार होऊ लागले.

हॉफमन हे लीबिगचेच शिष्य. इंग्रजांनी त्यांना १८४५ मध्ये लंडनला नेलं ते हेच रोपटं तिकडे लावायला. वीस वर्षांनी बर्लिनने प्रशस्त प्रयोगशाळेचं आमिष दाखवलं आणि १८६५ मध्ये ते मायदेशी परतले. ते एकटे नव्हते. मँचेस्टरच्या रंगकारखान्यात हात मुरवून आलेला हाइनरिक कारो पुढे ऱ्हाईनकाठच्या बीएएसएफचा संशोधनप्रमुख झाला. लंडनला हॉफमनच्या हाताखाली तयार झालेल्या कार्ल मार्टियसने संगीतकार मेंडेल्सोनच्या मुलाला भागीदार घेऊन बर्लिनजवळ जो रंगकारखाना काढला, तीच पुढची फोटोफिल्मवाली आग्फा. बायर आणि हूक्स्ट या रंगकंपन्या १८६३ च्या, बीएएसएफ १८६५ ची. बीएएसएफचा संस्थापक एंगेलहॉर्न मुळात मानहाइमचा गॅसवाला. डांबराचं काय करायचं, हा त्याच्या घरचाच प्रश्न होता.

सुरुवातीला या मंडळींनी काय केलं? नक्कल. सरळ सांगायचं तर चोरी. जर्मन राज्यांत पेटंटचा एकसंध कायदा नव्हता, त्यामुळे इंग्रजी-फ्रेंच रंग बिनदिक्कत बनवून स्वस्तात विकता येत. कुणी नाक मुरडण्याआधी पलीकडे फ्रान्सचं काय झालं ते पाहावं. तिथे फुक्सिन या झगझगीत किरमिजी रंगाचं पेटंट इतकं ऐसपैस दिलं गेलं, की रंग कुठल्याही रीतीने बनवला तरी मालकी एकाच कंपनीची. दुसरी, स्वस्त रीत शोधून काढली तरी उपयोग शून्य. फ्रेंच रसायनज्ञांनी गाशा गुंडाळला आणि ते सीमेपलीकडे स्वित्झर्लंडच्या बाझलला गेले, जिथे तेव्हा पेटंटचा कायदाच नव्हता. बाझलच्या त्या रंगकारखान्यांतून सिबा, गायगी, सँडोझ ही घराणी उभी राहिली. त्यांचं आजचं वारस नाव नोव्हार्टिस. ज्या फ्रेंच कंपनीला एवढं अभेद्य कवच मिळालं होतं, ती १८६८ पर्यंत बुडाली.

नकलेतून हात बसला आणि मग जर्मनांनी स्वतःचे पत्ते टाकायला सुरुवात केली. आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण असलेल्या झुडपाच्या मुळातून लाल रंग निघे. दक्षिण फ्रान्समध्ये त्याची शेतंच्या शेतं होती. त्यातलं मूळ रंगद्रव्य, अलिझरिन, १८६८ मध्ये बर्लिनच्या ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातून बनवलं. तिकडे पर्किनही त्याच मागावर होता. लंडनच्या पेटंट कचेरीत जर्मनांचा अर्ज पडला २५ जून १८६९ रोजी. पर्किनचा पडला २६ जूनला.

१८७७ मध्ये एकसंध झालेल्या जर्मनीने पेटंटचा कायदा केला, आणि इथे त्यांच्या अकलेला दाद द्यावी लागते. पेटंट पदार्थाला नाही, तो बनवण्याच्या रीतीला. म्हणजे तुमचा रंग मी दुसऱ्या रीतीने बनवला तर तो माझा. नुसती चोरी तर बंद झालीच, पण स्वस्थ बसायची सोयही गेली. प्रत्येक कंपनीला आपल्याच रंगाच्या सगळ्या पर्यायी वाटा आधीच शोधून, अडवून ठेवणं भाग पडलं. त्यासाठी हवे रसायनज्ञ, एक-दोन नव्हे, पलटण. विसावं शतक उजाडताना एकट्या बीएएसएफच्या पगारपटावर शंभराहून जास्त रसायनज्ञ होते. बायरने १८९१ मध्ये एल्बरफेल्डला संशोधनासाठी वेगळी इमारतच बांधली. कारखान्यात काही बिघडलं तर दुरुस्त करायला नव्हे, जे अजून नाही ते शोधायला पगारी माणसं बसवायची, ही कल्पना जगात पहिल्यांदा ठाकठीक रुजली ती इथे.

या यंत्रणेची खरी परीक्षा झाली निळीच्या बाबतीत.

आडोल्फ फॉन बायर (बायर कंपनीशी याचा संबंध नाही) याने म्हणे तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या पैशातून निळीचा एक खडा विकत घेतला होता. १८६५ पासून तो निळीच्या मागे लागला, १८८० मध्ये त्याने ती प्रयोगशाळेत बनवली, १८८३ मध्ये तिची रचना उलगडली. बीएएसएफ आणि हूक्स्टने हक्क घेतले. पण ही नीळ बिहार-बंगालच्या शेतातल्या निळीहून कितीतरी महाग पडत होती. प्रयोगशाळेत जमलेलं बाजारात पडलं. आता पुढची वर्षं काय करायचं?

त्यांनी वाट सोडली नाही. वर्षामागून वर्षं गेली. १८९० मध्ये झुरिकच्या कार्ल हॉयमानने नवी वाट दाखवली. तिच्या एका फाट्याची सुरुवात होती नॅफ्थलीनपासून, म्हणजे ज्याच्या डांबरगोळ्या आपण कपाटात टाकतो त्या पांढऱ्या पदार्थापासून. तोही डांबरातलाच, आणि स्वस्त. अडचण एकच: पहिल्याच पायरीला नॅफ्थलीन तापवलेल्या सल्फ्युरिक अॅसिडमध्ये मोडायला हवं, आणि ते काम इतकं रडतखडत चाले की धंदा परवडेना. मग एके दिवशी, असं सांगतात, झापर नावाच्या रसायनज्ञाच्या भांड्यातला थर्मामीटर फुटला. पारा सांडला आणि अडून बसलेली क्रिया भराभरा धावू लागली. पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक ठरला होता. या गोष्टीकडे दैवयोग म्हणून बघायला कुणाची ना नाही. पण थर्मामीटर जगभर फुटत असतात. इथे तो फुटला तेव्हा भांड्यासमोर उभा असलेला माणूस पगारावर होता, त्याच प्रश्नावर होता, आणि आपल्या नोंदींत कालच्यापेक्षा आज काय वेगळं झालं हे त्याला दिसू शकत होतं.

बीएएसएफची नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. बायरच्या प्रयोगशाळेतल्या निळीला सतरा वर्षं झाली होती, आणि कंपनीचे एक कोटी ऐंशी लाख सुवर्णमार्क खर्ची पडले होते, जवळपास अख्ख्या भागभांडवलाएवढे. हाइनरिक फॉन ब्रुंक या तंत्रज्ञ संचालकाने हा खर्च रेटून नेला. दोन-चार वर्षांत हूक्स्टने आणखी स्वस्त रीत काढून बीएएसएफलाच घाम फोडला.

याचा तडाखा बसला तो चंपारणला. जर्मन निळीने भाव पाडले तेव्हा हिंदुस्थानातून होणारी निर्यात घसरत घसरत नाममात्र उरली. तीनकठिया रिवाजाने वीस कट्ठ्यांपैकी तीन कट्ठ्यांत सक्तीने नीळ पेरावी लागणाऱ्या रयतेला वाटावं, सुटलो. पण निळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांनी सुटकेचीही किंमत लावली: कुठे खंड वाढवून, कुठे एकरकमी तावान, म्हणजे भरपाई, उकळून. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कारखान्याने मळेवाल्यांना घातलेला तोटा असा बिहारी कुळाच्या पाठीवर येऊन पडला. ते गाऱ्हाणं घेऊन तिथले शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींच्या मागे लागले आणि १९१७ चा सत्याग्रह घडला. थर्मामीटर कुठे फुटला आणि आवाज कुठे झाला!

ब्रिटनने निळीसाठी सतरा वर्षं का नाही घालवली, याचं उत्तरही इथेच आहे. ज्याच्या हाताखाली निळीचे एवढे मळे आणि सक्तीने राबणारी कुळं आहेत, तो डांबरातून नीळ काढायला कशाला बसेल? जर्मनीकडे निळीचे मळे नव्हते, होता तो दगडी कोळसा. साम्राज्य ही ब्रिटनची चैन होती आणि आळसही. अर्थात नुसत्या गरजेने काही होत नाही, गरजवंत देश तर जगात पैशाला पासरी आहेत. गरज, शिकलेले हात, धीर धरणारं भांडवल आणि शहाणा कायदा हे चौघे एका गावात, एकाच काळी भेटावे लागतात. त्यातलं भांडवल जेव्हा धीर धरतं तेव्हा मला सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटतं.

या सतरा वर्षांत केवळ नीळ मिळाली असं नाही. निळीला लागणारं तीव्र सल्फ्युरिक अॅसिड बनवण्याची नवी पद्धत त्याच कारखान्यात पक्की झाली. उत्प्रेरकांशी झटण्याची सवय लागली, आणि तीच सवय १९१३ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवताना कामी आली. आजचं युरियाचं पोतं त्याच घराण्यातलं. जर्मन डॉक्टर पाउल एर्लिखला रंग काही पेशींनाच चिकटतात हे दिसलं आणि त्यातून औषधं निघाली. १८९१ मध्ये त्याने मिथिलीन ब्लू हा कारोचा रंग चक्क हिवतापाच्या रोग्यांना दिला, आणि गुण आला. पर्किन औषध शोधायला गेला आणि रंग घेऊन आला, तर पस्तीस वर्षांनी रंगच औषध होऊन उभा राहिला.

विषही त्याच नळीतून आलं. १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर सोडलेला क्लोरिन याच रंगकंपन्यांचा. १९२५ मध्ये त्या एकत्र येऊन आय. जी. फार्बेन झाली. तिने पुढे आउशविट्झला कैद्यांच्या श्रमांवर कारखाना उभारला. आणि ज्या कुशल माणसांवर हा डोलारा उभा होता त्यांनाच देशाने १९३३ मध्ये हाकलायला सुरुवात केली. अमोनियावाला फ्रिट्झ हाबर, जन्माने ज्यू, त्याच वर्षी बाहेर पडला आणि काही महिन्यांत बाझलला वारला. शंभर वर्षांत जमवलेली माणसं उधळायला एक कायदा पुरला.

त्याच १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत एक विभाग सुरू झाला: मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातलं यूडीसीटी, आजचं आयसीटी. गिरणगावाला परदेशी रंगांशिवाय दिवस निघत नव्हता, तेव्हा कापडरसायन हा तिथला पहिल्यापासूनचा विषय. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सनकडे शिकून आलेले कृष्णस्वामी वेंकटरामन १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ जगभरच्या रसायनज्ञांच्या टेबलावर गेला, आणि १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होऊन आले. लीबिगच्या रोपट्याची एक फांदी लंडन-मँचेस्टरमार्गे माटुंग्याला आणि पाषाणला लागली, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १९७० च्या कायद्याने भारताने औषधांसाठी जर्मनांचीच १८७७ ची युक्ती वापरली: पेटंट रीतीला, पदार्थाला नाही. त्या बळावर आपले औषधवाले दुसऱ्यांची औषधं नव्या रीतीने बनवण्यात जगात वाकबगार झाले. २००५ मध्ये ती सोय संपली. जर्मनांनी नकलेच्या कमाईतून प्रयोगशाळा बांधल्या. आपण किती बांधल्या ते पाहायचं तर भारत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६ ते ०.७ टक्के संशोधनावर खर्च करतो, जर्मनी तीन टक्क्यांहून जास्त. आणि टक्क्यांपेक्षा बोलका आकडा वेगळाच आहे. जर्मनीत या खर्चातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा खाजगी उद्योग उचलतात. आपल्याकडे त्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास, बाकीचं बहुतेक सरकारच्या खात्यावर. ब्रुंकने नीळ निघेपर्यंत खर्च रेटून नेला होता, आणि कंपनीने तो सोसला होता.